दगडाची भुकटी सिमेंटच्या जागी वापरायची? आधी क्यूब फोडून बघा

खडी क्रशरच्या खाली साठलेली डस्ट, ग्रॅनाइट किंवा मार्बल कापताना निघणारी स्लरी, असलं काही ढिगाने पडलेलं दिसलं की कुणालाही वाटतं की अरे ही तर सिमेंटसारखीच दिसते, मग घालूया की सिमेंटमध्ये, फुकटचा माल आहे. मलाही तसंच वाटलं होतं. घालता येते, नाही असं नाही, पण रंग आणि बारीकपणा सोडला तर त्या दोघांत फारसं साम्य नाही आणि तिथेच घोडं पेंड खातं. तर भुकटी ओळखण्यापासून प्रमाण ठरवण्यापर्यंत कसं जायचं ते सांगतो, लांबण लागेल, पण मधलं गाळून थेट मिक्सरजवळ जाऊ नका.

आधी थोडं रसायन, कंटाळा आला तरी वाचा कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. चुनखडी आणि माती साधारण १४५० अंशाला भाजली की क्लिंकर बनतो, तो थोड्या जिप्समबरोबर दळला की सिमेंट. त्याला पाणी लागलं की दोन गोष्टी तयार होतात, एक म्हणजे चिकट जेल, कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, ज्याने सगळं एकमेकांना धरून राहतं, आणि दुसरा चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ज्याचा ताकदीला तसा काही उपयोग नाही, नुसता पडून असतो. आता काही भुकट्या अशा असतात की त्या हा पडीक चुना खातात आणि त्याचं आणखी जेल बनवतात. अशांना पोझोलान म्हणतात. नाव इटलीतल्या पोझ्झुओली गावावरून आलंय, तिथली ज्वालामुखीची राख रोमन लोक चुन्यात मिसळायचे आणि रोममधल्या पँथिऑन या प्राचीन मंदिराचा ४३ मीटर व्यासाचा घुमट तशाच राखेच्या जोरावर जवळपास १९०० वर्षं उभा आहे.

पण ती राख म्हणजे काच. वितळलेला दगड झटकन थंड झाला, अणूंना रांगेत बसायला वेळच मिळाला नाही, त्यामुळे चुना त्यांना सहज हलवतो. ग्रॅनाइट उलट, जमिनीखाली अतिशय सावकाश थंड झालेला, प्रत्येक अणू आपापल्या जागी घट्ट बसलेला. त्याला कितीही बारीक दळा, साध्या तापमानाला चुन्याशी तो जवळजवळ बोलतच नाही. बसाल्टचंही बरंचसं तसंच, थोडीफार काच असली तर तेवढाच फायदा. म्हणजे ग्रॅनाइटची भुकटी टाकून द्यायची का, तर नाही. ती सिमेंटच्या कणांमधल्या फटी भरते, आणि नवीन जेलला बसायला जागा देते त्यामुळे सुरुवातीचं हायड्रेशन, म्हणजे सिमेंट आणि पाण्याची प्रक्रिया, जरा जोरात होतं. याला फिलर इफेक्ट म्हणतात. चुनखडी आणि मार्बल याच्या एक पायरी पुढे, त्यांचं सिमेंटमधल्या ॲल्युमिनाशी थोडं रसायन जुळतं आणि कार्बोॲल्युमिनेट तयार होतं, म्हणूनच युरोपात ६ ते २० टक्के चुनखडी घातलेलं सिमेंट एका ग्रेडमध्ये आणि २१ ते ३५ टक्केवालं दुसऱ्या ग्रेडमध्ये राजरोस विकलं जातं, आणि अमेरिकेत १५ टक्क्यांपर्यंत.

तेव्हा पहिला प्रश्न "किती टक्के घालू" हा नाहीच, "माझ्याकडे नेमकं काय आहे" हा आहे.

आणि त्याच्याही आधी मास्क. ग्रॅनाइट, क्वार्ट्झाइट, वाळूचा दगड या सगळ्यांच्या धुळीत क्रिस्टलाइन सिलिका असते, तिचे अगदी बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरकारक पदार्थांच्या यादीतही ती पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्यांत आहे. अमेरिकेत कामाच्या ८ तासांची मर्यादा एका घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम इतकी कमी ठेवलीय. म्हणजे नाकावर रुमाल बांधून हे काम करायचं नाही, निदान एन ९५ तरी घाला, जमेल तितकं ओलं काम करा, आणि कोरडी भुकटी झाडूने झाडू नका. किचन ओट्याला लावतात त्या कृत्रिम क्वार्ट्झच्या स्लॅबच्या धुळीला तर हातही लावू नका, त्यात सिलिका ९० टक्क्यांच्या पुढे असते आणि वर रेझिन, ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून हे स्लॅबच बंद केलेत. हिरवट सर्पेंटाइन दगडाची भुकटी असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो, तिथे लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत पोतंसुद्धा उघडू नका.

आता ओळख परेड. चमचाभर कोरडी भुकटी घ्या आणि त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाका. जोरात फसफसलं तर चुनखडी किंवा मार्बल, हळूहळू फसफसलं तर बहुतेक डोलोमाइट, काहीच नाही झालं तर सिलिकेट दगड, म्हणजे ग्रॅनाइट, बसाल्ट, स्लेट वगैरे. मग पातळ कागदाखालून चुंबक फिरवा, गँगसॉच्या, म्हणजे दगडाच्या लाद्या कापणाऱ्या मोठ्या करवतीच्या, स्लरीत स्टीलची ग्रिट असते, ती नंतर काँक्रीटवर गंजाचे डाग पाडते. (काळ्या बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं त्यामुळे तो थोडा चिकटणारच, त्याने घाबरू नका.) मग बरणीत पाणी घालून खळखळून हलवा आणि ठेवून द्या, दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ असेल तर माती आहे असा संशय घ्या. मातीची नक्की चाचणी मिथिलीन ब्लू नावाच्या निळ्या रंगाची (माती तो रंग शोषते), युरोपच्या नियमात सिमेंटमध्ये घालायच्या चुनखडीला १०० ग्रॅममागे १.२ ग्रॅम ही मर्यादा आहे. फुगणारी माती पाणीही पिते आणि सुपरप्लास्टिसायझरही (कमी पाण्यात काँक्रीट पातळ ठेवणारं रसायन) पिते, मग तुम्ही डोस वाढवत बसता आणि कारण कळत नाही.

सोनेरी चकचकीत कण दिसले तर थांबा. तो पायराइट असू शकतो, आणि त्याचा भाऊ पायरोटाइट त्याहून वाईट. हवा आणि ओलावा लागला की त्यातलं गंधक सल्फेट बनतं आणि काँक्रीट आतून फुगून फुटतं, तेही लगेच नाही, काही वर्षांनी. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये घरांचे पाये असेच तडकले, आयर्लंडमध्ये डोनेगॉलला भिंतींचे ब्लॉक असेच चुरले. तिथे दोष खडीतल्या दगडाचा होता, पण भुकटी त्याच दगडाची असली तर गंधक तर तेच. धातूच्या खाणीतला गाळ असेल तर गंधक आणि जड धातू दोन्ही लॅबमध्ये तपासल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

इथे एका रिपोर्टबद्दल सांगतो कारण त्यावर भलेभले फसतात. लॅबवाले एक्सआरएफ (क्ष-किरणांनी घटक मोजणारी चाचणी) करून देतात, त्यात सिलिका इतकी, ॲल्युमिना इतकं, लोह इतकं असा तक्ता असतो. अमेरिकन नियम एएसटीएम सी ६१८ मध्ये नैसर्गिक पोझोलानसाठी या तिघांची बेरीज ७० टक्क्यांच्या वर हवी असं आहे. ग्रॅनाइटमध्ये नुसती सिलिकाच ७० च्या आसपास आणि वर ॲल्युमिना १४ च्या आसपास, म्हणजे तो डोळे मिटून पास! आणि तरी तो पोझोलान नाही. एक्सआरएफ फक्त माल काय आहे ते सांगतं, तो माल काचेत आहे की क्रिस्टलमध्ये कोंडलाय ते सांगत नाही. त्यासाठी एक्सआरडी (क्ष-किरणांनी क्रिस्टलची रचना बघणारी चाचणी) मागा, ग्राफवर नुसती टोकदार शिखरं असतील तर क्रिस्टल, पसरट उंचवटा असेल तर काच आहे आणि मग थोडी आशा आहे.

माल ठीक वाटला की सुकवा. १०५ ते ११० अंशाला ओव्हनमध्ये, दोनदा वजन केल्यावर तेच येईपर्यंत. "उन्हात दोन दिवस ठेवली होती, कोरडीच आहे" हे मी स्वतः म्हटलंय आणि माझी पहिली अख्खी बॅच त्यात गेली, वरून पांढरी फटक आणि आत ओली. हिशेब बघा, ९० ग्रॅम भुकटीत २० टक्के पाणी असेल तर तुम्ही खरी ७२ ग्रॅमच घातली आणि १८ ग्रॅम पाणी फुकट गेलं आत. ४५० ग्रॅम बाइंडरला (सिमेंट अधिक भुकटी) २२५ ग्रॅम पाणी हे गुणोत्तर ०.५० असायला हवं ते ०.५६ होतं, क्यूब, म्हणजे ताकद तपासायला ओतलेले चौकोनी ठोकळे, कमजोर निघतात आणि दोष बिचाऱ्या दगडावर. मी महिनाभर दगडालाच शिव्या देत होतो.

सुकलेल्या भुकटीचे गोळे फोडा आणि चाळा. सिमेंटची जागा घ्यायची तर बारीकपणा निदान सिमेंटइतका हवा. ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याने धुऊन चाळल्यावर ३४ टक्क्यांपेक्षा जास्त उरू नये असं तो सी ६१८ म्हणतो, मी म्हणेन १५ च्या खाली आणा. मार्बल आणि चुनखडी मऊ, बॉल मिलमध्ये पटकन दळली जातात. ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्झ कडक, वेळ आणि वीज दोन्ही खातं, आणि एका हद्दीनंतर बारीक कण एकमेकांना चिकटून परत गोळे व्हायला लागतात. म्हणून करवतीची स्लरी मला क्रशर डस्टपेक्षा जास्त आवडते, ती आधीच बारीक असते, दळण्याचा खर्च वाचतो. भुकटी ७५ मायक्रॉनच्या वरच राहत असेल आणि मिल नसेल तर सिमेंटचा नाद सोडा आणि वाळूच्या जागी वापरा, तिथे ती इमानदारीत काम करते, उगाच तिला नको ते पद देऊ नका.

चुना खाते की नाही हे घरच्या घरी बघायची एक सोपी युक्ती आहे. एक भाग भिजवलेल्या चुन्याची कोरडी पावडर, दोन भाग भुकटी, लागेल तेवढं पाणी घालून घट्ट गोळा करा, छोटी वडी थापा, हवाबंद डब्यात ओल्या कापडाबरोबर ४० ते ५० अंशाला आठ-दहा दिवस ठेवा. हवाबंद कशासाठी, तर नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो, तो रस्ता बंद करायचाय. मग वडी पाण्यात टाका. विरघळून पसरली तर भुकटी निष्क्रिय आहे, नखाने ओरखडाही निघत नसेल आणि पाण्यात तशीच राहिली तर काहीतरी घडलंय. हा नुसता इशारा आहे हां, निकाल नाही.

निकाल क्यूब देतात, आणि इथे तीन मिक्स करायचेत, दोन नाही. बहुतेक जण दोन करतात आणि खूश होतात.

पहिला मिक्स साधा, ४५० ग्रॅम ओपीसी (साधं पोर्टलँड) सिमेंट, १३५० ग्रॅम स्टँडर्ड वाळू (चाचणीसाठी मिळते ती), २२५ ग्रॅम पाणी. ओपीसीच घ्या, पीपीसी (पोझोलानवालं सिमेंट) नको, त्यात आधीच फ्लाय ॲश (औष्णिक वीजकेंद्राची राख) असते, आणखी भुकटी घातली की कुणी काय केलं ते कळायला मार्ग नाही. दुसऱ्यात ३६० ग्रॅम सिमेंट आणि ९० ग्रॅम तुमची भुकटी. तिसऱ्यात ३६० ग्रॅम सिमेंट आणि ९० ग्रॅम तितकीच बारीक शुद्ध क्वार्ट्झ पावडर, सिरॅमिकवाले वापरतात ती. पाणी तिन्हींत तेवढंच. घट्ट वाटलं तर सुपरप्लास्टिसायझरचे थेंब, पाण्याचा एक थेंबही जास्त नाही. एका बॅचमध्ये ५० मिलीमीटरचे ६ क्यूब निघतात, आपल्याला ७, २८ आणि ९० दिवसांचे तीन-तीन असे ९ हवेत, म्हणून सगळं दीडपट घ्या. दुसऱ्या दिवशी साचे खोला, क्यूबवर नंबर टाका आणि फोडायच्या दिवसापर्यंत पाण्यात बुडवून ठेवा.

तिसरा मिक्स कशाला, तर २० टक्के सिमेंट काढून पूर्ण निष्क्रिय क्वार्ट्झ घातलं तरी ७५ ते ८० टक्के ताकद तशीही येते, आणि त्या सी ६१८ नियमातली पास होण्याची रेघ ७५ टक्क्यांची आहे. म्हणजे काहीही न करणारी भुकटीसुद्धा पास होते! क्वार्ट्झवाला मिक्स शेजारी असला की ही पळवाट बंद. समजा २८ दिवसांना साधा मिक्स ५० मेगापास्कलला फुटला, क्वार्ट्झवाला ४० ला आणि तुमचा ३९ ला, तर तुमची भुकटी फिलर आहे, विषय संपला. तुमचा ४६ ला फुटला तर ती खरंच चुना खातेय. ७ दिवसांना दोन्ही सारखे आले तर निराश होऊ नका, पोझोलान सावकाश चालतं, खरा फरक २८ ते ९० मध्ये दिसतो. चुनखडीचं उलट, ती सुरुवातीला हात देते आणि नंतर फारसं काही नाही.

फिलर निघाली म्हणून रडायचं कारण नाही, फक्त हिशेब बदलतो. एका घनमीटर काँक्रीटला ३५० किलो सिमेंट आणि १७५ लिटर पाणी आहे, गुणोत्तर ०.५०. त्यातलं १० टक्के म्हणजे ३५ किलो सिमेंट काढून भुकटी घातली तर खरं सिमेंट उरलं ३१५, आणि पाणी भागिले सिमेंट झालं ०.५६. ताकद पडते ती इथे. ती परत आणायची तर पाणी १५७ लिटरच्या आसपास उतरवायला लागतं, आणि ते सुपरप्लास्टिसायझरशिवाय होत नाही. ते जमलं तर तुम्ही ३५ किलो सिमेंट खरंच वाचवलं, आणि एक टन क्लिंकरमागे ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो हे धरलं तर ते लहान काम नाही. नाही जमलं आणि ताकदीसाठी परत सिमेंटच वाढवलं तर आधी काढलेलं मागच्या दाराने आत आलं, मग कशाला एवढा उपद्व्याप. आणखी एक, सिमेंटची घनता ३.१५, ग्रॅनाइटची २.६५ च्या आसपास, म्हणजे ३५ किलोला दोनेक लिटर जागा जास्त लागते, तेवढी म्हणजे साधारण साडेपाच किलो वाळू कमी करा.

माझ्या अंदाजाने सुरुवात अशी करावी, ग्रॅनाइट किंवा बसाल्ट ५ ते १० टक्के, चुनखडी किंवा मार्बल १० ते १५, काचेसारखी ज्वालामुखी राख किंवा प्युमिस २० पर्यंत. क्यूबने वेगळं सांगितलं तर क्यूबचं ऐका, माझं नाही.

आता "भाजून ॲक्टिव्ह करू" हा विषय निघतोच. ग्रॅनाइट भाजून काही होत नाही, ५७३ अंशाला क्वार्ट्झ फक्त रूप बदलतं आणि थंड झालं की परत पहिल्यासारखं. भाजण्याचा खरा फायदा केओलिन (चिनी मातीतलं पांढरं खनिज) असलेल्या मातीला आणि शेलला होतो, खाणीच्या वरचा जो थर लोक फेकून देतात ना, तो. ७०० ते ८०० अंशाला त्यातलं पाणी उडतं, रचना मोडते आणि मेटाकेओलिन बनतं जे चुन्यावर तुटून पडतं. ९०० च्या पुढे गेलात तर परत क्रिस्टल व्हायला लागतं आणि सगळी मेहनत आगीतून फुफाट्यात. ही भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी एकत्र वापरली की दोघं एकमेकांना मदत करतात, एलसी ३ नावाचं सिमेंट तेच आहे, ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडी, ५ टक्के जिप्सम. स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या ईपीएफएल या तंत्र विद्यापीठाच्या कॅरेन स्क्रिव्हनर यांनी क्युबा आणि भारतातल्या संशोधकांबरोबर ते उभं केलं. मातीत ४० टक्क्यांच्या आसपास केओलिन असलं तरी चालतं, एकदम शुद्ध पांढरी लागत नाही. तुमच्या भुकटीच्या ढिगाशेजारी असा मातीचा ढीग असेल तर खरा खजिना तो आहे आणि तुम्ही भलत्याच ढिगाकडे बघताय.

प्रत्यक्ष कामावर भुकटी आणि सिमेंट आधी कोरडंच नीट मिसळा, नाहीतर पाणी लागल्यावर गोळ्या होतात आणि त्या फुटत नाहीत. पाण्याचा मारा निदान ७ दिवस, पोझोलान असेल तर १० ते १४, थंडीत आणखी. चुना खाणाऱ्या भुकटीने काँक्रीटमधला चुना कमी होतो, त्यामुळे कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची चुन्याशी होणारी प्रक्रिया) आत लवकर शिरू शकतं आणि सळईला गंज लागायची भीती असते. म्हणून आधी पेव्हर ब्लॉक, कर्ब, साधा बिनसळईचा कोबा, असल्या कामात वापरा. कॉलम, बीम, स्लॅबमध्ये इंजिनिअरच्या सहीशिवाय चिमूटभरही नाही, कितीही सुंदर क्यूब आले असले तरी.

आणि एक वही ठेवा. खाणीचा कडा दहा-वीस मीटर पुढे सरकला की दगड बदलतो, करवतीवर आज ग्रॅनाइट तर उद्या मार्बल. प्रत्येक नवीन लॉटला ओलावा, ४५ मायक्रॉनचा शिल्लक माल, ॲसिडचा थेंब आणि चुंबक, एवढं अर्ध्या दिवसात होतं. रंग वेगळा दिसला तर तो लॉट बाजूला ठेवून परत तीन मिक्स लावायचे, आणि २८ दिवस जुन्या लॉटवर काम चालवायचं, म्हणून जुना माल कधीही पूर्ण संपू देऊ नका.